औषध सोडून बाकीचं

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, गोळीतलं औषध सोडून बाकीचं सगळं मी बघते. निपाणीला माहेरी गेले की हे दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच, "मग औषध कोण बघतं?" औषध आमच्या कारखान्यात पिंपातून तयार येतं. पांढरी पूड, बहुतेक वेळा कडूजहर. एका गोळीत ती चिमटीभरसुद्धा नसते. तेवढीशी पूड माणसाला धड हातात धरता येत नाही, म्हणून तिला अंग द्यावं लागतं. ते अंग तयार करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं.

त्यातही माझा विभाग जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्यांचा. पाण्याचा घोटही पोटात टिकत नाही अशा माणसांसाठी, गिळता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी. या गोळीत सगळ्यात जास्त असतं ते मॅनिटॉल, साखरेचंच लांबचं भावंड, जिभेवर गारगोड लागणारं. दुसरा एक पदार्थ ओल लागताच फुगतो आणि गोळी आतून फोडतो. थालीपीठ तव्याला चिकटू नये म्हणून आपण तेल सोडतो, तशी एक पूड मिश्रण साच्याला चिकटू नये म्हणून घालायची. मग वास. आणि शेवटी कडूपणा झाकायला गोडी. साखर घालून भागत नाही, तेवढी साखर मावायला गोळीत जागाच नसते. म्हणून अ‍ॅस्पार्टेम. साखरेच्या कितीतरी पट गोड, कणभर पुरतं. या सगळ्यांना आमच्याकडे निष्क्रिय घटक म्हणतात. म्हणजे औषध जे करतं ते हे करत नाहीत, हे फक्त औषधाला पोचवतात. मी हा शब्द रोज वापरायचे आणि त्यावर कधी थांबले नव्हते.

अशात बंगळूरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं. दोघं आयटीतली आणि एक सात वर्षांची मुलगी. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. पहिल्याच रविवारी मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. मुलगी धावत आली, डब्यात डोकावली, आणि लाडूला हात न लावता आईकडे बघून म्हणाली, "हे मला चालतं?"

"नाही पिल्लू. हे बाबाला."

मुलगी मान डोलावून निघून गेली. रडली नाही, हट्ट केला नाही. डबा घेताना आई नीट हसली, चहाही केला, पण मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "पुण्याच्या लोकांना आपलं बेसन चालत नाही वाटतं." तो म्हणाला, "दातांचं काहीतरी असेल. कशाला मनाला लावून घेतेस?" मी मनाला लावून घेतलंच.

काही दिवसांनी लिफ्टमध्ये ती मुलगी भेटली. हातात शाळेची पाण्याची बाटली, शेजारी तिचा बाबा फोनवर. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मावशी, मला पीकेयू आहे. म्हणून लाडू नाही खाल्ला."

तिला वाटलं मला कळलं नाही. तिने विचारलं, "तुला काय आहे?"

"मला बीपी आहे," मी म्हटलं.

"अच्छा," ती समजूतदारपणे म्हणाली आणि आमचा मजला आला.

पीकेयू, म्हणजे फेनिलकीटोन्युरिया. तो शब्द मला पाठ होता. अ‍ॅस्पार्टेम घातलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर, परदेशी जाणाऱ्या आमच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात, एक ओळ असते: हा विकार असलेल्यांनी घेऊ नये. ती ओळ मी स्वतः तपासून सही केली होती, अनेकदा. पण ज्यांच्यासाठी ती ओळ असते त्यातलं कोणी मी कधी पाहिलं नव्हतं. आता ते दप्तर लावून माझ्याबरोबर लिफ्टमधून वर आलं होतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले, या वेळी रिकाम्या हाताने. मुलीच्या आईने मला थेट स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर छोटा वजनकाटा होता. ती बोलता बोलता त्यावर बटाटा ठेवत होती.

"प्रोटीनचा एक भाग हिच्या शरीरात फुटत नाही, ताई. साठत जातो आणि मेंदूला त्रास देतो. म्हणून डाळ नाही, दूध नाही, दाणे नाहीत, पनीर नाही. भात मोजून. बाकी पोषणासाठी पावडर येते, दिवसातून तीनदा. तिचा वास बघा." तिने डबा उघडला. मी कारखान्यात बरेच वास घेतले आहेत, तरी नाक मागे गेलं. "जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन टेस्ट केली म्हणून कळलं. सगळीकडे करत नाहीत. आमचं नशीब."

"आणि पोळी?"

"पोळीतही असतं. मी साबुदाण्याच्या पिठाची करते. फाटते, पण ती खाते."

तिच्या बोलण्यात अर्धं इंग्रजी, माझ्या बोलण्यात अधूनमधून कन्नड, पण त्या दिवसापासून आमची ओळख जुनी झाली. बंगळूरला बदली मागून घेतली तीही मुलीमुळेच, असं तिने सांगितलं. हा विकार बघणारी डॉक्टर इथे होती.

पावसाळा सरता सरता एका शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात मुलीची आई, केस विस्कटलेले, हातात गोळ्यांची पट्टी. मुलीला सकाळपासून उलट्या होत होत्या. पावडर पोटात राहत नव्हती, पाणीही नाही. तिचा नवरा कामासाठी हैदराबादला गेलेला. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी तपासून उलटी थांबवायची, जिभेवर विरघळणारी गोळी दिली होती. मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंना तिने फोन केला होता, पण त्या पेशंटमध्ये होत्या.

"ताई, यात काय आहे?"

मी औषधाचं नाव सांगितलं.

"ते नाही. बाकीचं."

मी पट्टी उलटी केली. औषधाचं नाव, त्याचे मिलिग्रॅम, आणि खाली बारीक अक्षरात: एक्सिपियंट्स क्यू. एस. एक्सिपियंट्स म्हणजे तेच निष्क्रिय घटक. आमच्या पट्ट्यांवरही हेच छापलेलं असतं.

"क्यू. एस. म्हणजे काय?" तिने विचारलं.

"लॅटिन आहे. पुरेल इतकं."

"कोणाला पुरेल इतकं?"

"गोळीला," मी म्हटलं.

आम्ही त्यांच्या घरात आलो. मुलगी सोफ्यावर मांडीत बादली घेऊन बसली होती, ओठ सुकलेले. मी एक गोळी बाहेर काढली. स्ट्रॉबेरीचा वास. बोट ओलं करून गोळीवर टेकवलं आणि जिभेला लावलं. मॅनिटॉलचा गारवा लगेच आला. मग दुसरी गोडी आली, जरा उशिरा, आणि गारवा गेल्यावरही मागे रेंगाळली. माझी जीभ या कामात मुरलेली आहे. मी चूळ भरली आणि म्हटलं, "अ‍ॅस्पार्टेम आहे. जवळजवळ नक्की."

अ‍ॅस्पार्टेम पोटात गेलं की फुटतं, आणि त्याचा अर्ध्याहून जास्त भाग तिच्या मुलीला न पचणारा तोच पदार्थ होतो. हे तिला सांगायची गरज नव्हती. ते तिला माझ्याहून आधी माहीत होतं. मला वाटलं, आता ती पट्टी भिरकावून देईल.

ती म्हणाली, "किती?"

"म्हणजे?"

"किती आहे एका गोळीत? मी तिला रोज थोडं देतेच ना, ताई. भातात असतं, बटाट्यात असतं. मला शून्य नकोय. आकडा हवाय. आकडा कळला की मी दुसरीकडे कमी करेन."

मी कितीतरी वर्षं त्या आकड्यांवरच काम केलं आहे. पण ही गोळी आमची नव्हती. गोळीचं वजन अंदाजाने धरलं, आमच्याकडे साधारण किती घालतात ते धरलं, मोबाईलवर हिशेब केला, पुन्हा केला. म्हटलं, "आमच्यासारखी केली असेल तर बटाट्याच्या एका बारक्या फोडीत असेल तेवढं. पण दुसऱ्या कंपनीने किती घातलं ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

पट्टीवरच्या नंबरला फोन लावला. शनिवार दुपार. बासरीची धून वाजत राहिली, कोणी उचललं नाही.

"सिरप मिळतं का बघून येते," मी म्हटलं आणि खाली उतरले. मुख्य रस्त्यावरचा मेडिकलवाला माझ्या ओळखीचा. मी कन्नडमध्ये सांगितलं, उलटीचं सिरप हवंय, लहान मुलासाठी.

"स्वल्प इरी, अक्का," थोडं थांबा असं म्हणून तो आत गेला आणि एक बाटली घेऊन आला. काउंटरवर ठेवताना बोटाने दाखवलं, "शुगर-फ्री. एकदम चांगलं."

"मला साखर घातलेलं पाहिजे."

शुगर-फ्री म्हणजे बहुधा पुन्हा अ‍ॅस्पार्टेमच. पण त्याला वाटलं मी चेष्टा करते. दुकानात येणारा प्रत्येकजण साखर नको म्हणून सांगतो. त्याने शोधलं, सहायकाला माळ्यावर चढवलं, पण साखरेचं नव्हतं. साधी, पाण्याबरोबर गिळायची गोळी होती, त्याच औषधाची. तिच्यात गोडीचा प्रश्नच नाही, ती जिभेवर थांबतच नाही. मी ती घेतली, पण जिन्यावरच लक्षात आलं की त्या मुलीने आयुष्यात अख्खी गोळी गिळलेली नाही. तशी ती गिळायला दोन घोट पाणी लागलं असतं आणि तेही त्या दिवशी आत राहणार नव्हतं.

घरात शिरले तर डॉक्टरबाईंचा फोन आलेला. मुलीच्या आईने तो स्पीकरवर टाकला होता. बाई शांतपणे हिंदीत बोलत होत्या. सकाळपासून पोटात काही नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू खायला घेईल, त्यातून जे रक्तात येईल ते या गोळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. गोळी द्या. उलटी थांबली की चमच्याने साखरपाणी, मग पावडर. संध्याकाळपर्यंत थांबली नाही तर घेऊन या.

"आणि ते बटाट्याच्या फोडीचं कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"शेजारच्या ताईंनी. त्या अशाच गोळ्या बनवतात."

"ठीक आहे. तेवढंच धरा आजच्या हिशेबात."

मुलीच्या आईने गोळी चिमटीत धरली. ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. मग म्हणाली, "आ कर. चावायची नाही. नुसती ठेवायची."

मुलीने तोंड मिटलं, डोळेही मिटले. आम्ही दोघी तिच्या गालांकडे बघत होतो. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. "गेली!" ती म्हणाली. मग जीभ टाळ्यावर फिरवली. "आई, हे काय आहे? गोड आहे. पण साखरेसारखं नाही. कसलं गोड आहे हे?"

"औषध आहे."

"अजून एक दे ना."

"नाही, एकच घ्यायची असते." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, म्हणून मी मागून गेले. ती सिंकला टेकून उभी होती, भांडी नव्हतीच धुवायला.

"च्युइंगगमसाठी हिला मी ओरडलेय, ताई. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती डाएटवाली जेली होती, तोंडातून काढायला लावली. या एका चवीपासून हिला जपलं. आणि आज माझ्याच हाताने दिली." मग म्हणाली, "आणि तिला आवडली."

आवडावी म्हणूनच तर ती चव तिथे होती. मुलाने थुंकू नये, पुन्हा मागावं, यासाठी आम्ही महिनेच्या महिने चाचण्या करतो. कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीतल्या माझ्यासारख्याच कोणीतरी ते काम चोख केलं होतं. मी नळ बंद केला आणि साखरपाणी करायला घेतलं, कारण तेवढंच हातात होतं.

उलट्या थांबल्या. संध्याकाळी मुलीने साबुदाण्याची पेज खाल्ली, मग नाक धरून पावडर. पुढच्या रक्ततपासणीत आकडा थोडा वर होता. आजारपणामुळे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. नंतर तो उतरला.

माझ्या डोक्यातून मात्र तो शनिवार उतरला नाही. आमच्याकडे तेव्हा लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीची एक विरघळणारी गोळी सुरुवातीच्या टप्प्यात होती. बैठकीत मी म्हटलं, यात अ‍ॅस्पार्टेम नको, सुक्रालोज ही दुसरी गोडी घेऊ.

आमचे साहेब म्हणाले, "कारण?"

मी कारण सांगितलं.

"असे पेशंट किती असतील?"

"फार थोडे."

"मग?"

"एक माझ्या शेजारी राहते," मी म्हटलं. बैठकीत बोलायचं हे वाक्य नव्हे, हे मला बोलल्यावर कळलं. पण साहेब हसले नाहीत. "करून बघा," ते म्हणाले. "वेळापत्रक मात्र हलणार नाही."

सुक्रालोजने मला दमवलं. गोडी लवकर यायची, पण औषधाचा कडूपणा शेवटी उघडा पडायचा, जेवण झाल्यावर कारल्याची आठवण यावी तसा. आम्ही सहकारीच आधी चव बघायचो, तोंडात गोळी धरून, घड्याळ लावून, मग चूळ भरून. एकीने तर सांगितलं, "तुझ्या शेजारणीसाठी आम्ही किती दिवस तोंड कडू करायचं?" बोलली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. शेवटी औषधाच्या कणांवरच पातळ लेप चढवला, तेव्हा कुठे जमलं. ती गोळी तशीच बाजारात गेली. तिच्या माहितीपत्रकात आत काय काय आहे त्याची सगळी नावं आहेत, मी त्यासाठी बरीच डोकेफोड केली. जुन्या गोळ्या मात्र होत्या तशाच राहिल्या. तयार झालेल्या गोळीतला एक कण बदलायचा तरी पुन्हा सगळ्या चाचण्या, पुन्हा परवानग्या. तेवढं कोणी करणार नव्हतं, आणि कोणी का करत नाही हे मला समजत होतं. पट्टीवरही अजून पुरेल इतकं असंच छापतात.

हे सगळं मी मुलीच्या आईला सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला. पण तिने लगेच विचारलं, "पुढच्या वेळी तिला दुसरंच औषध लागलं तर?"

तिचं बरोबर होतं. मी एक गोळी बदलली होती आणि मेडिकलच्या फडताळात हजारो होत्या. त्या मुलीला खरी गरज होती ती साध्या गोळ्या गिळता येण्याची. म्हणजे माझं आयुष्य ज्या गोष्टीची गरज पडू नये म्हणून खर्ची पडलं, तीच तिला शिकवायची.

संक्रांत जवळ आली होती. तिळगूळ तिला चालत नाही, म्हणून तिच्या आईने साबुदाण्यावर साखरेचा पाक चढवून हलवा केला होता. मला वाटलं, हे दाणे सरावाला छान. मुलीला ताठ बसवलं, जिभेवर दाणा, वर पाण्याचा घोट. कुडुम असा आवाज आला.

"चावलंस!"

"गोड आहे ना, मावशी. आपोआप चावलं जातं."

तेव्हा मी घरी साबुदाण्याचं पीठ पाण्यात मळलं आणि बोटांनी गोळ्या वळल्या. काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही तुरीच्या. गॅलरीत ताटात वाळवल्या. त्यात मीठ नाही, साखर नाही, वास नाही. कशाचीच चव लागू नये अशी गोळी मी पहिल्यांदाच केली आणि नवरा ताटाजवळून जाताना म्हणाला, "बढती झाली वाटतं."

रोज शाळेतून आली की मुलगी आमच्याकडे यायची. मोहरीची पहिल्याच दिवशी उतरली. ज्वारीची जिभेखाली लपून बसायची, ती बोटाने शोधून काढायची आणि आम्हाला दाखवायची. तुरीएवढी मात्र घशापाशी आली की तिचे खांदे वर जायचे, डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस ती ताट ढकलून घरी निघून गेली. मी बोलवायला गेले नाही. त्यानंतर आली तेव्हा तिने स्वतःच तुरीएवढी उचलली, हनुवटी किंचित खाली घेतली, आणि घोटाबरोबर ती गेली. तिने तोंड उघडून दाखवलं. जिभेखाली बघितलं, गालात बघितलं. नव्हती.

उन्हाळ्यात तिचा घसा धरला. डॉक्टरबाईंनी साधी, गिळायची गोळी लिहून दिली. त्या संध्याकाळी आमच्या दाराची कडी तिने एकटीने वाजवली. घसा बसलेला, आवाज घोगरा.

"मावशी, आज खरी गिळली."

"कडू होती?"

"कळलंच नाही," ती म्हणाली आणि आत येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. मग म्हणाली, "मावशी, टीव्ही लाव ना, आवाज थोडा मोठा ठेव, घरी आई लावू देत नाहीये."